टेप खिशात ठेवा, मगच गाळा बघायला जा

नमस्कार मंडळी. धंद्यासाठी गाळा शोधायला लागलं की पहिला प्रश्न तोंडात येतो तो भाडं किती. साहजिक आहे. पण खरं सांगू का, तो आकडा कशाचा आहे ते कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

म्हणजे बघा, एजंट म्हणाला ५०० स्क्वेअर फूट, तुम्ही मनातल्या मनात रॅक, काउंटर सगळं मांडून मोकळे, आणि प्रत्यक्ष टेप लावली तर आतून भरतं ३५०. बाकीचं जिना, लॉबी, भिंती यांच्यात गेलेलं, ते सगळं धरून जे ५०० होतं त्याला म्हणायचं सुपर बिल्ट-अप, आणि भाडं मात्र त्या ५०० वर. म्हणजे वापरायच्या जागेचा दर सांगितलेल्यापेक्षा जवळजवळ ४३ टक्के जास्त पडला. म्हणून टेप लावायला लाजायचं नाही, आणि करारात कार्पेट एरियाच, म्हणजे आतली वापरायची जागाच, लिहून घ्यायचा.

दुसरं, एकदा बघून हो म्हणू नका. सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, जमलं तर पावसात पण जाऊन या. रस्त्यावर गर्दी दिसते म्हणून खूश होऊ नका, ती गर्दी थांबते का नुसती पुढे पळते ते बघा. माल उतरवायला गाडी कुठे लागणार, बोर्ड लांबून दिसेल का, विजेचा मंजूर लोड, म्हणजे एका वेळी जेवढी वीज ओढायची परवानगी आहे ती, तुमच्या मशीनला पुरेल का. लोड वाढवून घ्यायला वेळही जातो आणि पैसेही. आणि तुमचा धंदा त्या जागेत करायला परवानगी आहे का हे तर टोकन द्यायच्या आधी!

आता करार. सगळे डिपॉझिटवर घासाघीस करतात आणि बाहेर पडायचं कलम वाचतच नाहीत. लॉक-इन, म्हणजे जेवढा काळ करार मोडता येत नाही तो, ३ वर्षांचं आणि धंदा ८ महिन्यांत बसला, तर उरलेल्या २८ महिन्यांचं भाडं मालक मागू शकतो, तेव्हा लॉक-इन दोघांना आहे का फक्त तुम्हाला, ते विचारा. दरवर्षी ५ टक्के वाढ किरकोळ वाटते, पण वाढीवर वाढ बसते, पाचव्या वर्षी तुम्ही पहिल्या वर्षापेक्षा २१ टक्क्यांहून जास्त देत असता. फर्निचर करायला जे दिवस जातात तेवढं भाडं माफ करा असं मागून बघा, बरेच मालक देतात, पण आपण मागतच नाही.

ताबा घेताना मी एक चूक केली होती, फोटो काढले नाहीत. मागच्या भिंतीला ओल आधीपासून होती, पण सोडताना ती माझ्या नावावर लागली आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. तेव्हापासून चावी हातात आली की आधी मोबाईल बाहेर, भिंती, शटर, नळ, मीटरचं रीडिंग, सगळ्याचे फोटो, आणि तिथूनच मालकाला पाठवून द्यायचे. छत गळलं तर कोणी दुरुस्त करायचं, शटर अडकलं तर कोणी, हे पण लिहूनच घ्यायचं, तोंडी "बघू आपण" म्हणजे शेवटी आपणच बघतो.

आणि हो, गाळा सोडायची नोटीस मालकाला कधीपर्यंत द्यायची ती तारीख मोबाईलमध्ये आजच टाका, करार संपायची नाही, नोटीसची, तीसुद्धा महिनाभर आधीचा अलार्म लावून.