कूलर बंद पडतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. मे महिना लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, उन्हाळ्यात प्रेशर खाली आलं, आता गोळी काहून खायची जी?"

प्रश्न रास्त आहे. नागपूरच्या उन्हात घाम जातो, कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, प्रेशर खरंच थोडं उतरतं. महालातल्या एका काकूंनी हेच पाहून न विचारता गोळी बंद केली. तिसऱ्या रात्री त्या आल्या त्या छातीवर हात दाबूनच. नाडी मिनिटाला १२४. आणि प्रेशर गोळी सुरू करण्याआधी होतं, त्याच्याही वर! गोळी सोडली तर प्रेशर जुन्या जागी यावं. वर कसं गेलं?

हृदयाच्या पेशींच्या आवरणात रिसेप्टर नावाची प्रथिनं बसलेली असतात. अॅड्रिनलिन, म्हणजे धावपळीत किंवा ताणात शरीर रक्तात सोडतं ते संप्रेरक, पेशीच्या आत शिरत नाही. ते बाहेरून रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टरचा आकार बदलतो, आतल्या जी-प्रोटीनला निरोप जातो आणि ठोके जलद, जोरात पडू लागतात. रेमंड अहलक्विस्ट यांनी १९४८ साली या रिसेप्टरांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार सांगितले. जेम्स ब्लॅक यांनी त्या विचारावरच काम करून प्रोप्रॅनोलॉल हे औषध घडवलं. १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. काकूंची गोळी त्याच बीटा ब्लॉकर घराण्यातली. ती रिसेप्टरवर जागा अडवून बसते, निरोप मात्र देत नाही.

आता आपलं घर डोळ्यांपुढे आणा. कूलर घरघरतोय, दारावरची बेल ऐकू येत नाही. म्हणून तुम्ही आणखी दोन बेल लावल्या. पेशी तेच करते. निरोप कमी येतोय म्हटल्यावर काही दिवसा-आठवड्यांत ती आवरणावर जास्तीचे रिसेप्टर मांडते. मग एके दिवशी कूलर बंद पडतो आणि दारावरच्या माणसानं बटण दाबताच तिन्ही बेल एकदम वाजतात. काकूंच्या छातीत त्या रात्री हेच चाललं होतं. हृदयाच्या धमन्यांत आधीच अडथळा असेल, तर अशा वेळी हार्ट अटॅकही येऊ शकतो.

सगळ्या गोळ्या अशा नसतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन या अँजिओटेन्सिनच्या, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाच्या, रिसेप्टरवर बसतात. त्या सोडल्या तर प्रेशर बहुधा हळूहळू चढतं. क्लोनिडिन हे प्रेशरचं आणखी एक औषध मात्र बीटा ब्लॉकरपेक्षाही जोरात उलटतं. त्यामुळे "शेजारणीनं सोडली, तिला काही झालं नाही" हा दाखला कृपा करून लावू नका. तिची गोळी वेगळी असेल.

उन्हाळ्यात चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. डोस कमी करता येतो. बीटा ब्लॉकर बंद करायचं झालं, तरी एक-दोन आठवडे उतरवत नेतात, म्हणजे जास्तीचे रिसेप्टर पेशीला आवरून घ्यायला वेळ मिळतो. आणि लग्नासाठी गावी निघालात तर गोळ्यांची पट्टी मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. काकूंनी यंदा तसंच केलं.