आधी त्यांना दाखवा

नमस्कार मंडळी.

मी लघुपट करते, दहा-पंधरा मिनिटांचे. विषय आपल्याच आसपासचे. पदवी गुंडाळून ठेवून गोदामात पाळ्या करणारे इंजिनियर, बेसमेंटमध्ये दाटीवाटीने राहणारे विद्यार्थी, सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे कॅनडात दीर्घकाळ राहू देणाऱ्या व्हिसावर, आलेले आपले आईवडील. ‘या लघुपटांनी काय साधतं?’ असं मला नेहमी विचारलं जातं. माझं उत्तर असं, की तो लघुपट आधी कोणाला दाखवला, यावर ते ठरतं.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये फोगो नावाचं बेट आहे. १९६७ साली तिथली किनाऱ्यालगतची मासेमारी डबघाईला आली होती आणि लोकांनी बेट सोडून दुसरीकडे वसावं, असा सरकारचा आग्रह होता. नॅशनल फिल्म बोर्ड या कॅनडाच्या सरकारी चित्रपटसंस्थेचे दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेले आणि त्यांनी वीसहून अधिक छोटे लघुपट केले. एका लघुपटात एकच माणूस, नाहीतर एकच प्रसंग. एकाचं बोलणं तोडून दुसऱ्याच्या बोलण्यासमोर उभं करायचं नाही, हे त्यांनी कटाक्षाने पाळलं, कारण तशाने शेजारी-शेजारी एकमेकांविरुद्ध उभे राहतात. जे पडद्यावर होते, त्यांनी ते आधी पाहिलं. मग गावोगावच्या सभागृहांत खेळ झाले आणि एकमेकांशी फारसं न बोलणारी गावं एकमेकांचं ऐकू लागली. पुढे हे लघुपट मंत्र्यांना दाखवले गेले आणि मंत्र्यांचं उत्तरही चित्रित होऊन बेटावर परत आलं. बेट फक्त कॅमेऱ्याने वाचवलं, असं मी म्हणणार नाही. तिथल्या लोकांची समिती आधीपासून धडपडत होतीच. पण बेट रिकामं झालं नाही, आणि मच्छीमारांनी उभी केलेली सहकारी संस्था आजही चालू आहे.

जे पडद्यावर आहेत, त्यांना आधी दाखवायचं, हाच नियम मीही पाळते.

सुपर व्हिसावर आलेल्या एका आजींवर मी लघुपट केला. सकाळी सगळे कामाला गेले, की त्या हीटरजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसचे नंबर वहीत लिहायच्या. वेळेसकट, सुवाच्य अक्षरात. कच्चं संकलन झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. सगळं पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बाई, तेवढं एक वाक्य काढ. सुनेला लागेल. ती वाईट नाहीये गं, तिलाही वेळ नाहीये.” माझ्या एडिटरच्या मते त्या लघुपटाचा सगळा जीव त्याच वाक्यात होता. मी ते काढलं. संमतिपत्रावर आजींची सही होती, कायद्याने मला काही अडत नव्हतं. पण खेळ संपल्यावर मी घरी जाणार होते, त्यांना मात्र त्याच घरात राहायचं होतं.

नंतर तो लघुपट त्यांच्या घरच्यांनीही पाहिला, सगळ्यांनी एकत्र बसून. त्यापुढचं त्यांच्या घरातलं आहे, ते मी इथे सांगणार नाही.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. वार्षिक कार्यक्रमात नाच-गाणी, नाटक होतंच, व्हायलाच हवं. त्यात एका लघुपटाला पाऊण तास द्या. पंधरा मिनिटं पडद्याला आणि उरलेला अर्धा तास बोलण्याला. पाहुण्यांचं मनोगत त्या अर्ध्या तासात घुसवू नका. एरवी मागे बसणाऱ्या आजी-आजोबांच्या हाती आधी माइक द्या. आणि विद्यार्थ्यांना तिकीट लावू नका.