दार लोटून गेलेली मुलं

(एका गृहसंकुलात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रात्री घरच्यांना न सांगता बाहेर पडणाऱ्या मुलांबद्दलच्या तुमच्या चिठ्ठ्या इथे येण्याआधी वाचल्या. बहुतेकांनी नाव घातलेलं नाही, ते बरं केलंत. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या दाराबद्दल आहेत. आतून कुलूप घालावं का, किल्ली उशाखाली ठेवावी का, वॉचमनला सांगून ठेवावं का, मोबाइलमध्ये लोकेशनचं ॲप टाकावं का. एक आई तर लिहिते की ती रोज मुलीच्या खोलीच्या उंबऱ्यात गादी टाकून झोपते.

कुलपाचं आधी उरकतो. रात्री आतून कुलूप लावून किल्ली लपवू नका. शॉर्टसर्किटने घरात धूर झाला तर अंधारात ती किल्ली तुम्हालाही सापडणार नाही. वॉचमनला जरूर सांगा, पण सांगितलंय हे मुलालाही कळू द्या. आणि एवढं करूनही ज्याला जायचंय तो जातो. स्कूटर कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची आणि मग चालू करायची, लॅच बोटाने धरून ठेवायचं म्हणजे खट् वाजत नाही, अंथरुणात लोड ठेवून वर पांघरूण ओढायचं. यातली लोडाची युक्ती नवी नाही. जत्रेतल्या तमाशाला जाताना तुमच्यापैकी काहींच्या वडिलांनी ती वापरलेली असणार. (हशा)

आता ही मुलं जातात कुठे? चिठ्ठ्यांमध्ये दारू, ड्रग्ज, ‘लफडं’ हे शब्द आहेत. तेही असतं, त्याकडे येतोच. पण माझ्याकडे समुपदेशनाला आलेली मुलं बहुतेक वेळा जे सांगतात त्यावर आईवडिलांचा विश्वास बसत नाही. टेकडीवर बसलो होतो. स्टेशनजवळ गाडीवर बुर्जी-पाव खाल्ला. सी विंगच्या गच्चीवर गप्पा मारल्या. ‘एवढ्यासाठी?’ असं वडील विचारतात. हो, एवढ्यासाठीच. दहावीतल्या मुलाचा दिवस जरा मांडून बघा. सकाळी ७ची शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, रविवारी टेस्ट सिरीज. जी वेळ कुणीच आखून दिलेली नाही, ती त्याला मिळते थेट रात्री साडेअकरानंतर.

त्यात शरीराचाही हात आहे. वयात येताना झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मेरी कार्सकॅडन यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप हवी, आणि आपलं पोर साडेअकराला टक्क जागं असतं, सहाला त्याला गदागदा हलवून उठवावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने शाळा सकाळी ९च्या आधी भरवू नका असं परिपत्रक काढलं, पण ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे गेलंय ती आठवी-नववीची मुलं राहिली बाजूलाच.

बरं, रात्री बाहेर असणं हे आपल्याकडे मुळातच वर्ज्य आहे का? गणपतीत मंडळाची पोरं मांडवात राखणीला झोपतात. ठाण्या-मुंबईत गुरुपौर्णिमेनंतर दहीहंडीचा सराव रात्री उशिरापर्यंत चालतो. गावाकडे शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते, तेव्हा पंधरा वर्षांचा मुलगा बॅटरी घेऊन बापाबरोबर उसाला पाणी द्यायला जातो, त्याला कुणी ‘हाताबाहेर गेला’ म्हणत नाही. कोजागरीला गच्चीवर बारा वाजेपर्यंत सगळेच जागे असतात. म्हणजे रात्र आपण देतो. मात्र ती मुलाला देतो. मुलीला देताना बरोबर भाऊ हवा, मामा हवा, नाहीतर नकोच. एकाच घरात सतरा वर्षांचा भाऊ मांडवात झोपतो आणि सोळा वर्षांची बहीण साडेनऊला घरात हवी असते, तिथे बहीण चोरून बाहेर पडली तर मला नवल वाटत नाही. परवानगी मागायला तिला जागाच ठेवलेली नाही. मुलींना धोका जास्त आहे हे मी नाकारत नाही. पण तो धोका न सांगता गेल्यावर कितीतरी वाढतो, कारण काही झालं तर फोन कुणाला करायचा हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो.

आज मला मुख्य बोलायचंय ते इथेच. १९९०च्या दशकात स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या मानसशास्त्रज्ञांनी चौदा वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. तोवर सगळे म्हणत होते की ज्या पालकांना मूल कुठे आहे हे ठाऊक असतं, त्यांची मुलं कमी बिघडतात, म्हणून पालकांनी लक्ष ठेवावं. या दोघांनी विचारलं, पालकांना हे ठाऊक होतं कसं? तपासून? खोदून विचारून? निघालं असं की पालकांकडची बहुतेक माहिती मुलाने आपणहून सांगितलेली असते. पाळत ठेवण्याचा वाटा त्यात थोडा. तुमचं लोकेशनचं ॲप तुम्हाला एक ठिपका दाखवेल. तो फोन मित्राच्या घरी चार्जिंगला ठेवून पोरगा भलतीकडे असू शकतो. आणि ठिपका बरोबर असला तरी तिथे कोण आहे, कुणी प्यायलंय का, मुलगी घाबरली आहे का, हे तो ठिपका सांगत नाही.

म्हणून पकडलं त्या रात्री तुम्ही काय करता याला फार महत्त्व आहे. पहाटे अडीचला मूल चप्पल हातात घेऊन आत येतंय आणि तुम्ही सोफ्यावर दिवा न लावता बसलेले आहात. (हशा) सिनेमात शोभतं ते. घरात एवढंच बघा की ते धडधाकट आहे का, प्यायलंय का, कुठे लागलंय का, कुणी काही केलंय का. पाणी द्या. ‘आपण उद्या बोलणार आहोत’ म्हणा आणि झोपायला पाठवा. अडीच वाजता बापाच्या तोंडून जे निघतं ते बापालाही सकाळी आठवू नयेसं वाटतं. हात तर उचलूच नका. मार खाल्लेला मुलगा पुढच्या वेळी घरातच थांबेल असं नाही, गाडी घसरून गुडघा फुटला तरी तुम्हाला फोन करणार नाही एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी बोला, आणि दोघांपैकी एकानेच बोला. आई रडतेय, बाबा ओरडताहेत, काका फोनवर उपदेश करताहेत, या गर्दीत मूल फक्त मान खाली घालायला शिकतं. कुठे, कुणाबरोबर, कसे गेलात, परत कसे आलात हे विचारा. ‘का’ सगळ्यात शेवटी. शिक्षा हवी का? हवी, पण केल्या गोष्टीशी तिचा संबंध असावा. स्कूटर नेली असेल तर किल्ली महिनाभर तुमच्याकडे. मोबाइल मात्र काढून घेऊ नका. अडचणीत तुम्हाला फोन करण्याचं तेच तर साधन आहे. आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीतलं मुलांचं फुटेज टाकण्याची जी पद्धत पडलीय ती हलकट आहे, एवढंच म्हणतो.

आता खरा धोका. माझ्या मते तो चाकांचा आहे. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना, तरुणांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला, काहींना एकटं, काहींना मित्र बघत असताना. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्यांना तेवढा फरक पडला नाही. एकट्याने हळू चालवणारा तुमचा मुलगा मागे दोघं बसल्यावर तसाच चालवेल असं धरून चालू नका. सोळाव्या वर्षी कायद्याने फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, आणि आपल्या पार्किंगमधल्या स्कूटर बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या आहेत. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. ‘मला माहीतच नव्हतं’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकाची. १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा १७ वर्षांच्या आरोपीला जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर घराघरांत चर्चा झाली. आपल्या गाडीची किल्ली रात्री कुठल्या खुंटीवर असते याची चर्चा मात्र मी फारशी ऐकली नाही.

मुलींच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवा. वर्गातल्या मुलाला भेटायला गेली म्हणून रागाच्या भरात पोलिसांची धमकी देऊ नका. १८ वर्षांखालील संमतीला पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात अर्थ नाही. तक्रार एकदा दाखल झाली की ती तुमच्या मनाप्रमाणे मागे घेता येत नाही, आणि मुलगाही अल्पवयीन असेल तर त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं राहावं लागतं. पण समोरचा प्रौढ असेल, ओळख ऑनलाइन झाली असेल, फोटोंवरून कुणी धमकावत असेल, तर मात्र क्षणभर थांबू नका. तिथे अब्रूचा हिशेब करणं म्हणजे त्या माणसाला मदत करणं.

आणि मूल परत आलंच नाही तर? मित्रांना, नातेवाइकांना फोन करा, पण सकाळची वाट बघू नका. चोवीस तास थांबावं लागतं ही चुकीची समजूत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३च्या आदेशानंतर बेपत्ता मुलाची तक्रार अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून नोंदवायची असते. ११२ला फोन करा, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. हद्दीचा वाद कुणी घातला तर कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

एक जात अशीही असते की ती मुलं कुठे जात नसतात, घरातून निघून जात असतात. बाप पिऊन येतो त्या रात्री मुलगा जिन्यात बसतो. घरातल्याच कुणाच्या हाताला घाबरून मुलगी मैत्रिणीकडे पळते. यांना नियम सांगण्यात अर्थ नाही, तिथे घराची तब्येत बघावी लागते. मूल अचानक गप्प झालं असेल, पैसे गायब होत असतील, दुपारभर झोपून राहत असेल तर शाळेतल्या समुपदेशकाशी बोला, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मोफत बोलता येतं.

बाकीच्यांनी घरात सौदा करावा असं मला वाटतं. महिन्यातून एक-दोन रात्री, सांगून, कुणाबरोबर ते सांगून, परतीची वेळ ठरवून. दुचाकी नाही, सोडायला आणि आणायला मोठं माणूस. आणि एक अट तुमच्यावर: कुठूनही, कितीही वाजता ‘मला न्यायला या’ असा फोन आला तर जायचं, आणि गाडीत एकही प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी. परवानगी न घेता गेलेलं असलं तरीही हाच नियम. मोबाइलच्या कव्हरच्या मागे पाचशेची एक नोट रिक्षासाठी असू द्या. ती अधूनमधून पिझ्झ्यात जाईल, जाऊ द्या.

शेवटची चिठ्ठी सुनेच्या हातची दिसतेय. ‘सासूबाईच मागच्या दाराची कडी काढून देतात आणि आम्हाला सांगत नाहीत, काय करावं?’ (मोठा हशा) त्यांच्याशी भांडू नका. तुमच्या घरात मुलगा ज्याला सगळं सांगतो असं एक माणूस आहे, ते तुम्हाला तोडायचं नाहीये. आजींना एवढंच कबूल करायला लावा की कुठे आणि कुणाबरोबर हे विचारल्याशिवाय कडी काढायची नाही, आणि सांगितलेल्या वेळेवर अर्धा तास झाला की नातवाला दिलेला शब्द बाजूला ठेवून तुम्हाला उठवायचं.