मुंगळ्यांची खंजिरी

बसा, बसा. मागच्या पोरांनी पुढं या, पण चालत या, टेबलाजवळ पळायचं नाही, काहून ते नंतर सांगतो.

हा डबा बघा, लाल पन्नी लावलेला. यात अडीचशेच्या आसपास मुंगळे आहेत. लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही, म्हणजे त्यांच्यासाठी आत अंधारच, आणि आपल्याला मात्र सगळं दिसते. मुंगळे म्हणतो आपण, पण ह्या सगळ्या बाया आहेत बरं का, राणी बाई आणि राबणाऱ्याही बायाच, नर फक्त उडायच्या मोसमात येतात, उडतात आणि मरतात. तरी नाव काय, तर तो मुंगळा. सातबाऱ्यावर पण आपल्याकडे असंच असते म्हणा.

राणी सापडली दोन वर्षांआधी, मृगाच्या पहिल्या पावसानंतर, घाटंजीच्या स्टँडवर ट्यूबलाइटखाली, पंख गळून गेलेली. बस सोडली आणि तिला काडेपेटीत घालून घरी आणलं. पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत ती काही खात नाही, उडायचे स्नायू आतल्या आत जिरवते आणि त्यावर पोरं वाढवते, तिला लागते फक्त पाणी. म्हणून काचेच्या नळीत पाणी, मग कापसाचा बोळा, मग राणी, मग परत बोळा. आता आमच्या घरी कापूस म्हणजे खोली भरून पडलेला, भावाची वाट बघत. तोच लावला. तर बोळा कोरडा तो कोरडाच, पाणी इकडे आणि राणी तिकडे तहानलेली. मग कळलं की कच्च्या कापसावर मेणाचा पातळ थर असते, तो पाणी धरतच नाही. शेवटी मेडिकलमधून पैसे देऊन कापूस आणला. बाबा दोन दिवस बोलले नाही माझ्याशी.

आता आवाजाचं. बझरमध्ये ती पितळी चकती असते ना, पायझो, तीच मी डब्याच्या लाकडाला खालून चिटकवली. काही स्फटिक दाबले की वीज तयार होते हे क्युरी भावांनी 1880 मध्येच शोधून ठेवलं होतं, इथं दाबणारे पाय मुंगळ्याचे, एवढंच. वायर बॅटरीवरच्या छोट्या अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डबीला, अँपला हेडफोन, आणि कानात काय आलं, तर हूंऽऽऽ, एकसारखं. तीन रात्री मी तेच ऐकत बसलो, मित्राला फोनवरून ऐकवलं, तोही म्हणे भारी आहे बे. चौथ्या रात्री लाइट गेली आणि हूं बंद. ती घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण होती, मुंगळ्यांचा तिच्याशी काही संबंध नाही! पण लाइट गेल्यावर त्या शांततेत खालून टिप् टिप्, मग खर्र, मग परत टिप् टिप् यायला लागलं, आणि टॉर्च लावून बघतो तर एकटी मुंगळी नाकतोड्याची तंगडी ओढत नेत होती, मध्येच थांबत, मध्येच उलटी फिरत, आणि तिचं ते थांबणं पण कानात ऐकू येत होतं. अजूनही रेकॉर्डिंग करायचं तर मी लोडशेडिंगची वाट बघतो, गावात माझ्याएवढी वाट कोणी बघत नसंल.

खरं म्हणजे मला पाहिजे होता दुसराच आवाज. मुंग्यांच्या एका मोठ्या कुळात कंबरेच्या सांध्यावर बारीक रेघोट्या असतात आणि त्यावर एक धार घासली जाते, कंगव्यावरून नख फिरवल्यासारखी. इक्वाडोरचा एक कलाकार आहे, कुआई शेन, त्याला यात डीजेची रेकॉर्ड घासणं दिसलं, त्यानं पानं कापणाऱ्या मुंग्यांची अख्खी वसाहत टर्नटेबलला जोडून दिली. ते वाचून मी पेटलो. पण मुंगळ्याला ती खवणीच नसते, दुसऱ्या कुळातला तो. मग धुऱ्यावरची एक लाल मुंगी धरली, चिमट्यात, चकतीवर टेकवली, आणि वाजली हो, किरकिर किरकिर, एकदम साफ. खूश झालो. मग वाचलं की हुबर्ट मार्कल नावाच्या जर्मन माणसानं 1965 मध्ये दाखवलं होतं, त्या पानं कापणाऱ्या मुंग्यांपैकी एखादी मातीखाली दबली की ती असंच वाजते आणि बाकीच्या येऊन तिला उकरून काढतात. म्हणजे मी जे रेकॉर्ड केलं ते काय होतं, तर वाचवा वाचवा. डिलीट केलं ते.

म्हणून मग हा दुसरा मार्ग. डबा आणि चाऱ्याची ट्रे यांच्यामध्ये ही नळी आहे, तिच्या तोंडाशी इन्फ्रारेडचा एक दिवा आणि समोर सेन्सर, मुंगळी मधून गेली की आर्डुइनोला, म्हणजे ह्या छोट्या कॉम्प्युटरच्या पट्टीला, एक टिचकी बसते आणि स्पीकरमधून आजोबांच्या खंजिरीचा एक ठोका येते. आमचे आजोबा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात वाजवायचे, चामडं फाटलंय पण घुंगरं शाबूत आहेत. ठोका ठरवणारा मी कोणी नाही. संध्याकाळी ट्रेत साखरेचं पाणी ठेवलं की आधी एक ठोका, बऱ्याच वेळानं दुसरा, मग एकदम दाट. अमेरिकेत डेबोरा गॉर्डन या बाईंनी वाळवंटातल्या दाणे वेचणाऱ्या मुंग्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, तिथं बाहेर किती जणी जाणार हे दाणा घेऊन किती जणी आणि किती लवकर परत येतात त्यावर ठरते, हुकूम सोडणारं कोणी नसते. आमच्या मुंगळ्यांचं गणित तेच आहे का हे मी नाही सांगत, पण कानाला तसंच लागते.

पहिला कार्यक्रम एका शाळेत होता, आणि तिथं मी मोठी चूक केली. स्पीकर त्याच टेबलावर ठेवला. पोरं आधी डब्यावर ओरडली, काही फरक नाही, कारण हवेतला आवाज त्यांना आपल्यासारखा ऐकू येत नाही, त्यांना पायातून थरथर कळते. पण एक मुंगळी नळीतून गेली, खंजिरी वाजली, टेबल थरथरला, आतल्या दहाजणी धावल्या, दहा ठोके, टेबल अजून थरथरला, मग पन्नास. मुंगीला मुताचा पूर म्हणतात, इथं पूर मी सोडला होता. लय काय चढली म्हणता राजेहो, सगळ्या हॉलनं टाळ्यांनी ठेका धरला, सर लोक उभे राहिले, आणि मला खाली दिसत होतं की त्या तोंडात कोष घेऊन पळायला जागा शोधून रायल्या आहेत. वायर उपटली मी. लोकांना वाटलं मशीन बिघडली, एकजण म्हणाला चांगलं रंगलं होतं, काहून बंद केलं.

तेव्हापासून स्पीकर वेगळ्या स्टुलावर, खाली घडी घातलेलं गोणपाट, आणि पळायचं नाही म्हणतो ते यासाठी.

आता तुम्ही काय करायचं? डब्याखाली ही ॲल्युमिनियमची पट्टी आहे, तिच्यावर तळहात ठेवायचा आणि गप बसायचं. हार्लो शॅपली, आपला सूर्य आकाशगंगेच्या मधोमध नाही हे ज्यानं दाखवलं तोच, त्यानं 1920 मध्ये मुंग्यांच्या चालण्याचा वेग मोजून छापला होता, ऊब वाढली की चाल वाढते आणि चालीवरून तापमान साधारण एका अंशाच्या फरकानं सांगता येते. हिवाळ्यात हात ठेवला की दहाएक मिनिटांत त्या कोष उचलून हाताच्या वरच आणून ठेवतात, पट्टीवरची चकती टिप् टिप् करायला लागते. दहा मिनिटं कोणी बसत नाही, तो प्रॉब्लेम आहे. पोरं दोन मिनिटांत म्हणतात बंद आहे हे.

बसली ती आमची आजी. मागच्या मे महिन्यात, दुपारी, लाइट गेलेली, टिनाखाली बेचाळीस डिग्री. म्हणाली, "काय करून रायला रे तू, मले तं दाखव." मी म्हटलं आजी, आता नाही होत, आता खोलीच तुझ्या हातापेक्षा गरम आहे. तरी तिनं हात ठेवला आणि जपाला बसावं तशी डोळे मिटून बसली. मी माठातलं पाणी प्यायला गेलो, येऊन बघतो तर त्या तिच्या हातावर गोळा होऊन रायल्या होत्या, ऊब घ्यायला नाही, गारव्याला. आजी डोळे न उघडता म्हणे, "हात काढू का आता?" मी म्हटलं, थांब जराशी.