वर्गात निळा प्रकाश : ल्युमिनॉलचा प्रयोग आणि अभिक्रियेचा वेग

शिक्षक मित्रहो, ल्युमिनॉल म्हणजे ऑक्सिडीकरण होताना निळा प्रकाश देणारं रसायन. त्याचा प्रयोग बहुधा विज्ञान प्रदर्शनात होतो. दिवे बंद, दोन द्रावणं एकत्र, निळा उजेड, टाळ्या. माझं म्हणणं असं, की तो अभिक्रियेच्या वेगाच्या तासाला करावा. वेग थेट डोळ्यांना दिसेल असे प्रयोग शाळेत फार थोडे आहेत.

आधी द्रावणं. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीत घालायचं चालतं. बोअरचं जड पाणी कार्बोनेटमुळे गढूळ होतं. त्यात 2 ग्रॅम निर्जल सोडिअम कार्बोनेट विरघळवा. स्फटिकांचा धुण्याचा सोडा असेल तर 5.4 ग्रॅम घ्या, कारण त्याचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. मग 0.1 ग्रॅम ल्युमिनॉल. ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सोडा आधी. एवढं बारीक वजन शाळेच्या जुन्या तराजूवर होत नाही, 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. त्यानंतर 12 ग्रॅम खायचा सोडा, 0.25 ग्रॅम अमोनिअम कार्बोनेट आणि शेवटी 0.2 ग्रॅम मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. अमोनिअम कार्बोनेट वगळलंत, तर तांबं कार्बोनेटबरोबर निळसर-हिरवा साका होऊन तळाशी बसतं. अमोनिया त्याला द्रावणात धरून ठेवतो, आणि इथे उत्प्रेरक तांबंच आहे.

दुसरं द्रावण सोपं : 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 25 मिली, त्यात पाणी घालून अर्धा लिटर. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर ‘20 व्हॉल्यूम’ असेल तर ते 6 टक्क्यांचं. मग साडेबारा मिली पुरे. प्रयोग फसला की आधी या बाटलीवर संशय घ्या. उघडून ठेवलेलं पेरॉक्साइड हळूहळू नुसतं पाणी होतं. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाका. भराभर फेस आला नाही, तर नवी बाटली आणा.

पेरॉक्साइडऐवजी ब्लीच वापरण्याचा सल्ला काही जण देतात. या कृतीत तो मुळीच मानू नका. पहिल्या द्रावणात अमोनिअम आहे, आणि ब्लीचबरोबर त्यातून विषारी क्लोरामाइन निघतं. चष्मे आणि हातमोजे घालायचेच.

आता मुख्य भाग. दोन्ही द्रावणांचे 50-50 मिलीचे तीन जोड करा. एक बर्फाच्या पाण्यात, एक टेबलावर, एक साधारण 50 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. मिसळण्याआधी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्या. खोलीत अंधार करा आणि पाच मिनिटं थांबा. डोळे सरावल्याशिवाय थंड बीकरचा उजेड मागच्या बाकावर दिसत नाही. एकानेही मोबाइल उघडला की ही पाच मिनिटं वाया.

तिन्ही जोड एकदम मिसळा. गरम बीकर झगझगीत उजळतो आणि सर्वांत आधी विझतो. थंड मिणमिणता, पण बराच वेळ टिकतो. इथे मुलं हमखास म्हणतात, ‘गरममध्ये प्रकाश जास्त.’ लगेच दुरुस्त करू नका. तिन्हींत ल्युमिनॉल किती होतं, एवढंच विचारा. मग चर्चा तेजाकडून वेगाकडे आपोआप वळते.

प्रकाश येतो कुठून? ऑक्सिडीकरणात ल्युमिनॉलमधून नायट्रोजन निघून जातो आणि उरणारा अमिनोथॅलेटचा आयन उत्तेजित अवस्थेत जन्मतो. जादा ऊर्जा तो सुमारे 425 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात टाकतो. शंभर रेणूंमागे जेमतेम एकच असा उजळतो. काजव्याला उजळवणाऱ्या ल्युसिफेरिनचं हेच प्रमाण चाळिसाच्या आसपास आहे. चिमूटभर फ्लुओरेसीन हे चमकणारं रंगद्रव्य घातलं तर तीच ऊर्जा ते उचलतं आणि रंग पिवळसर-हिरवा होतो.

प्रदर्शनात मांडायचंच असेल, तर गवंड्यांची पारदर्शक लेव्हल पाइप वेटोळी करून बांधा आणि वरच्या नरसाळ्यात दोन्ही द्रावणं सारख्या धारेने ओता. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की प्रवाह थांबतो, म्हणून चढ कुठेही येऊ देऊ नका.

उरलेलं द्रावण बागेत किंवा ओढ्यात ओतू नका. तांबं जलचरांना घातक आहे. वेगळ्या बाटलीत साठवा, पण झाकण सैल ठेवा. पेरॉक्साइड उरलेलं असतं, ऑक्सिजन सुटत राहतो आणि घट्ट बुचाची बाटली फुगते.