पेटी रिकामी झाल्यावर

(पडद्यावर: पहाटेचा अंधार. नवी मुंबई, वाशीचा फळबाजार. टेम्पोच्या दिव्यांत उडणारा पेंढा.)

पहाटेचे पाच. मे महिना. वाशीच्या फळबाजारात शिरलं की आंबा दिसायच्या आधी त्याचा वास गाठतो. पायाखाली पेंढा, बाजूला हातगाड्या आणि डोक्यावर पेटी घेऊन 'ओ, बाजू, बाजू' करत निघालेले माथाडी. हा बाजार मूळचा इथला नव्हे. 1990च्या दशकात तो क्रॉफर्ड मार्केटमधून खाडी ओलांडून इकडे आला. त्याच्यावर पोट असलेली माणसंही मग वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोलीत येऊन राहिली. सातारा-सांगलीकडची पुष्कळ.

आंब्याचा भाव, आवक, हवामान यांच्या बातम्या तुम्ही दरवर्षी बघता. आम्ही आज आंब्यासाठी आलेलो नाही. आम्हाला पेटी हवी आहे. रिकामी.

(पडद्यावर: कोपरखैरणे. सिडकोच्या बैठ्या घरांची गल्ली. दारात वाळत घातलेले कपडे.)

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी म्हणजे सिडको, तिची स्थापना 17 मार्च 1970 ची. नकाशावर सेक्टर पडले, रस्ते आखले, शाळा-बाजाराच्या जागा ठरल्या. पण दोन खोल्यांत पाच माणसं, त्यांच्या चपला, दप्तरं, इस्त्रीचे कपडे आणि वर्षाचे गहू कुठे मावायचे, हे काही नकाशात नव्हतं. ते ज्यांनी ठरवलं त्यांच्यापैकी एकीच्या दारात आपण आहोत. गल्लीत सगळे त्यांना काकूच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. यजमान बाजारात माथाडी होते, आता निवृत्त. पण सकाळी बाजारात एक फेरी मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. येताना कधी एक, कधी दोन रिकाम्या पेट्या खांद्यावर असतात.

आत आलो. समोर चपलांचं कपाट, आंब्याच्या पेट्यांचं. टीव्हीखाली दोन पेट्या आडव्या. ओट्याखाली एक. खिडकीत एक, तिच्यात तुळस, ओवा आणि एक मरायला टेकलेलं गुलाब. पण हे सगळं मांडून ठेवलेलं, दाखवायला केलेलं असं वाटत नाही. घरात पेटी आहे हे समजायला मला दोन मिनिटं लागली.

(पडद्यावर: काकूंचे हात. पेटी उपडी. हातोडी, पक्कड, लाकडाचा एक ठोकळा.)

काम सुरू होतं खिळे काढण्यापासून, आणि नवशिक्याची पेटी मोडते ती इथेच. फळी पातळ, लाकूड हलकं. पक्कड घेतली आणि खिळा ओढला की फळी रेषेवर उभी चिरते. काकू म्हणाल्या, "खिळा कधी सरळ वडायचा नाय. आधी मागनं टोला द्यायचा. त्यो सवताच डोकं वर काढतोय."

बघा. फळीच्या मागून, खिळ्याच्या टोकावर हलका टोला. डोकं सुतभर वर येतं. मग पक्कड लावायची, पकडीखाली ठोकळा ठेवायचा म्हणजे दाब फळीवर येत नाही, आणि खिळा ज्या कोनात आत गेला त्याच कोनात बाहेर काढायचा. हिसका नाही. अर्ध्या तासात पेटीचे सैल, गंजके खिळे निघतात. घट्ट बसलेले काढत बसायचं नाही, ते आत ठोकून टाकायचे.

त्याआधी एक तपासणी. फळीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत का, पेटी आपटली की बारीक पीठ पडतं का. पडत असेल तर ते लाकूड किड्याचं झालं. कितीही देखणी असली तरी ती पेटी उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. एका पेटीपायी घरातलं कपाट पोखरलं जाण्यापेक्षा ती दारातच राहिलेली बरी.

मग पॉलिश पेपर. हार्डवेअरच्या दुकानात नंबर सांगून मागायचा: आधी 80, मग 120. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं तर रंग दिल्यावर प्रत्येक ओरखडा वर येतो. घासून झालं हे ओळखायची काकूंची रीत वेगळी आहे. त्या जुनी नायलॉनची साडी फळीवरून फिरवतात. जिथे धागा अडकला तिथे कुसळ आहे. मुलांचा हात जाण्याआधी साडीचा पदर जाऊन येतो.

रंग की तेल? इथे माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पेटीला ऑइल पेंट देऊ नये. दिला की ती दुकानातल्या स्वस्त फर्निचरची नक्कल वाटायला लागते, आणि व्यापाऱ्याच्या खुणेचा शिक्का, फळीवरची शाईतली अक्षरं, सगळं बुजतं. जवसाचं तेल कपड्यानं चोळायचं, पूर्ण वाळू द्यायचं, परत एक हात. लाकूड मधासारखं उतरतं. फक्त तेलाचा तो बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आणि गोळा करून ठेवलेला कपडा आपोआप पेट घेऊ शकतो. तो बाहेर मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळू द्या.

(पडद्यावर: ओट्याखालची पेटी. फटींतून दिसणारे कांदे.)

ही ओट्याखालची पेटी मला सगळ्यांत आवडली. हिला ना तेल, ना रंग. फक्त घासलेली, खाली चार झाकणांचे पाय. प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं, स्क्रूनं बसवलेली, म्हणजे फरशी पुसताना बूड ओलं होत नाही. आंब्याला हवा लागावी म्हणून पेटीच्या फळ्यांत फट ठेवतात. कांद्यालाही तेवढंच हवं असतं, हवा आणि अंधार. प्लॅस्टिकच्या टबात खालचा थर घामेजतो आणि एक सडला की शेजारचे चार जातात. इथे तसं होत नाही. बटाटे मात्र दुसऱ्या पेटीत, कारण दोन्ही एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. कांदा-बटाटा बाजाराचा माल फळबाजाराच्या पेटीत, यावर काकांचा एक विनोद ठरलेला आहे. तो आम्ही तीनदा ऐकला, तुम्हाला माफ करतो.

(पडद्यावर: ऐरोली. उंच इमारत. लिफ्टचा आरसा.)

आता सहा-सात किलोमीटर उत्तरेकडे. नवरा-बायको दोघंही आयटीत, घर भाड्याचं. अकरा महिन्यांचा करार आणि त्यात एक ओळ: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ही ओळ वाचली की अर्ध्याअधिक हौशी कारागिरी तिथेच संपते.

मी स्वतः तीन वर्षं अशाच घरात काढली. दुहेरी चिकटपट्टी आणली, सहा फ्रेम लावल्या, दिवाळीला लोकांनी वाहवा केली. जुलैत एका रात्री दोन वाजता धाडकन आवाज. चार फ्रेम खाली, आणि त्यांच्या पाठीला चिकटून भिंतीचा डिस्टेंपर, तळहाताएवढे पापुद्रे. पट्टीनं आपलं काम चोख केलं होतं. तिनं रंगाला घट्ट धरलं, रंगानं भिंतीला धरलं नाही. अनामत रकमेतून किती कापले ते सांगत नाही.

या जोडप्यानं भिंतीचा नादच सोडला. त्यांनी दार धरलं. बेडरूमच्या दारावर वरून अडकवायची पट्टी असते ना, कपडे टांगायची, तिच्यावर जुन्या जीन्सचा एक लांब पट्टा लोंबतोय. चार जीन्सचे मागचे खिसे, कापडासकट कापलेले, एका जाड चादरीच्या तुकड्यावर शिवलेले. एका खिशात चार्जर, एकात औषधं, एकात बिलं, एकात कात्री आणि सेलोटेप, म्हणजे घरात नेमक्या वेळी कधीच न सापडणाऱ्या वस्तू. मशीनवर शिवणार असाल तर सुई 16 किंवा 18 नंबरची लावा, साधी सुई जीन्सच्या शिवणीवर मोडतेच. हातानं शिवायचं तर दाभण आणि अंगठ्याला टोपण. खिशाच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर टीप दोनदा मारायची, कारण सगळा भार तिथेच येतो.

या दोघांना एक सवय आहे, तिचं मला कौतुक वाटलं. काही बनवण्याआधी ते आठवडाभर एक कागद फ्रिजवर लावतात आणि शोधत बसायला लागलेली प्रत्येक वस्तू त्यावर लिहितात. खिसे त्या यादीतून आले. नाहीतर आपण काय करतो? व्हिडिओ बघतो, ग्लू गन आणतो, मोत्यांची पाकिटं आणतो, सोनेरी स्प्रे आणतो, आणि पसारा आवरायच्या नावाखाली घरात आणखी एक पिशवी वाढते.

(पडद्यावर: पुन्हा कोपरखैरणे. काकूंच्या शेजारचं घर. जमिनीवर पसरलेले पुठ्ठे.)

काकूंच्या शेजारी आठवीतला एक मुलगा राहतो. तो गणपतीचं मखर करतो आणि याबाबतीत गल्लीत त्याचा शब्द शेवटचा. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा तो अगदी लहान होता, त्यामुळे त्याला थर्माकोलचं मखर आठवतच नाही. त्याच्यासाठी मखर म्हणजे पुठ्ठा.

"पुठ्ठ्याला पण रेषा असतात, दादा. लाकडासारख्या." खोक्याची कड त्यानं कॅमेऱ्यासमोर धरली. दोन कागदांच्या मधे नागमोडी तिसरा कागद, त्याच्या बारीक नळ्या झालेल्या. या नळ्या उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा भार पेलतो. आडव्या ठेवल्या तर मखराचा खांब दुसऱ्या दिवशी आरतीच्या ताटाकडे झुकतो. मागच्या वर्षी एक झुकला होता, तो फोटो त्यानं जपून ठेवलाय.

घडी घालायला तो ब्लेड वापरत नाही. संपलेलं बॉलपेन आणि पट्टी. रेषेवर दाबून पेन ओढलं की वरचा कागद न फाटता आत बसतो, आणि घडी सुरीसारखी येते. चिकटवायला खळ. ती आजी करते, त्याला गॅसजवळ जायची परवानगी नाही. एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचं. बुरशी आणि झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी यात चिमूटभर मोरचूद घालत, बुकबाईंडर घालायचे. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे लहान मुलं असतील त्या घरात नकोच. खळ रोज ताजी करा, ते सोपं.

भाद्रपदात हवा दमट असते. खळ असो की फेविकॉल, पाकिटावर लिहिलेल्या वेळेवर विसंबू नका, रात्रभर वजन ठेवून वाळू द्या. याच्याकडे वजन म्हणून गव्हाचा डबा आहे.

विसर्जनानंतर मखर रद्दीत जात नाही. सांधे चिकटवलेले नसून खाचांत बसवलेले असतात, त्यामुळे सगळं सुटं होऊन पलंगाखाली सपाट जातं. जे भाग पुढच्या वर्षी लागणार नाहीत ते आईच्या कपाटात. ड्रॉवरमध्ये उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींत अडकवून त्यानं चोवीस कप्पे केलेत. बांगड्या, रिळं, सेफ्टी पिना. आणि एका कप्प्यात त्याचे स्वतःचे क्रिकेटचे कार्ड, आईच्या नकळत.

(पडद्यावर: आजी. मांडीवर साडीच्या पट्ट्या.)

खळ करणाऱ्या आजींचं पायपुसणं राहिलंच. सुती साडी तीन बोटं रुंद फाडायची, कापायची नाही, म्हणजे सरळ फाटते. तीन पट्ट्यांची वेणी घालायची, वेणी गोल गुंडाळत दोऱ्यानं शिवत जायचं. साडी सुतीच हवी. सिंथेटिक पाणी शोषत नाही आणि फरशीवर घसरते. दोरा जास्त ओढला तर कडा वर उचलतात आणि पायपुसण्याची टोपली होते. आजींची एक झालीय. तिच्यात आता घराच्या किल्ल्या असतात.

(पडद्यावर: संध्याकाळ. गल्ली. काका सायकलवरून उतरताहेत.)

जूनचा पहिला आठवडा. हंगाम संपत आला. काका बाजारातून आले, पण खांद्यावर पेटी नव्हती. कॅरिअरला बांधलेली दोन खोकी होती, पुठ्ठ्याची, बाजूला आंब्याचं रंगीत चित्र. लाकडी पेट्या कमी झाल्यात, काका म्हणाले, पुष्कळ माल आता खोक्यांतच येतो.

काकूंनी खोकं हातात घेतलं. वरून खालून बघितलं. अंगठ्यानं कड दाबली. मग ते उभं केलं, कडेला डोळा लावून नळ्या कुठल्या दिशेला जातात ते पाहिलं, आणि शेजारच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "ए बाळा, जरा इकडं ये रं. ह्ये तुझ्याकडचं काम हाय."