काटा चार हजारांवर

[पहाट. चांदणी चौकाचा पूल. हेल्मेटच्या काचेवरून सरकणारे दिवे.]

रविवार, पहाटेचे साडेपाच. पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागणाऱ्या गाड्या मोजत उभे राहिलात, तर दर थोड्या वेळाने एक तरी फेअरिंगवाली, म्हणजे रेसच्या गाडीसारखं कवच चढवलेली मोटरसायकल जातेच. पिरंगुट, पौड, मुळशीचं धरण, मग ताम्हिणी. घाटात पोचेस्तोवर उजाडतं. चहा होतो, फोटो होतात, आणि दहाच्या आत सगळे घरी. आठवड्याच्या 168 तासांतले हे चार-पाच तास. शोरूममध्ये उभं राहून गाडी निवडताना डोळ्यांसमोर असतात ते फक्त हेच.

[सोमवार. नळस्टॉप. सकाळचे पावणेदहा.]

बसच्या मागे उभी आहे ती गाडी बघा. रेडिएटरचा पंखा सुरू झालाय, त्याचा घरघराट इथपर्यंत येतोय. चालवणाऱ्याने एक गुडघा टाकीपासून लांब धरलाय. ती स्टाइल नाही. मांडी भाजतेय.

मला ते माहीत आहे, कारण दोन वर्षं मी तिथेच उभा होतो. चार सिलिंडर, सहाशे सीसी, सेकंडहँड. कंपनीचं नाव घेत नाही, दोष गाडीचा नव्हताच. ती ज्या कामासाठी बनली होती ते काम मी तिला कधी दिलंच नाही. मी तिला रोज कर्वे रोडवर हाफ क्लचवर चालवत होतो.

[जुनी गाडी, गॅरेजमध्ये. फेअरिंग काढलेलं, चार सायलेन्सर पाइप उघडे.]

ही सहाशेची जात आली कुठून? 1987 मध्ये होंडाची सीबीआर 600 एफ आली, 1999 मध्ये यामाहाची आर-सिक्स. सुझुकी आणि कावासाकी शर्यतीत होतेच. मी शर्यतीत म्हणतो ते अक्षरशः. सुपरस्पोर्ट शर्यतींच्या नियमांत चार सिलिंडरला मर्यादा होती 600 सीसीची. इंजिन मोठं करता येत नाही, मग ताकद वाढवायची कशी? एकच वाट उरते, इंजिन जास्त फिरवायचं. पिस्टनचा प्रवास आखूड करा, व्हॉल्व्ह मोठे करा, हवा आत घ्यायच्या वाटा रुंद करा, आणि मिनिटाला इंजिनच्या किती फेऱ्या होतात ते दाखवणारा काटा दहा, बारा, चौदा हजारांकडे जाऊ द्या.

आज कावासाकीची झेडएक्स-सिक्स-आर बघा. 636 सीसी, चार सिलिंडर, पिस्टनचा प्रवास 45.1 मिलिमीटर. त्याच कंपनीची निन्जा 650 घ्या. 649 सीसी, दोनच सिलिंडर, प्रवास 60 मिलिमीटर. सीसी जवळपास तेवढेच. पहिलीची ताकद सुमारे 130 पीएस, म्हणजे अश्वशक्ती, दुसरीची 68. कॉलेजच्या कट्ट्यावर चर्चा इथेच संपते. 130 जिंकले, 68 हरले.

आता कागदावरची पुढची ओळ वाचू. टॉर्क, म्हणजे इंजिन देतं तो पीळ. निन्जा 650 चा 64 न्यूटन मीटर. सिक्स-आरचा 70 च्या आसपास. फरक सहाचा! दुप्पट ताकद आणि पीळ जवळपास तेवढाच, हे कसं?

विहिरीवर दोघं पाणी शेंदताहेत असं समजा. बादली दोघांची जवळपास सारखीच. एक जण मिनिटाला जितक्या खेपा करतो त्याच्या दुप्पट दुसरा करतो. संध्याकाळी हौद कुणाचा भरेल ते उघड आहे. पण दुसऱ्याची एक खोड आहे. हात भरभर चालला तरच त्याची बादली काठोकाठ भरते. सावकाश शेंदायला सांगितलं की ती अर्धवट भरून वर येते. रुंद वाटांमधून हवा वेगाने आत शिरायला इंजिन फिरत असावं लागतं, कमी फेऱ्यांवर ती रेंगाळते. म्हणून सिक्स-आरचा पूर्ण पीळ मिळतो 11,000 च्या जवळ, आणि निन्जा 650 चा 6,700 वर. त्या 6,700 वर निन्जाची जवळपास 90 टक्के ताकद बाहेर आलेली असते. सिक्स-आरचा काटा तेव्हा निम्म्या वाटेवर असतो.

आणि शहरात काटा असतो कुठे? मी माझ्या गाडीवर महिनाभर नीट लक्ष ठेवलं. कर्वे रोड, म्हात्रे पूल, सातारा रस्ता. तीन ते पाच हजार. बहुतेक वेळ चार. दहा हजारांच्या वर काटा गेला तो त्या महिन्यात दोनदा, आणि दोन्ही वेळा मीच घाबरून थ्रॉटल सोडला.

[महामार्गाचा टोलनाका. दुचाकीला प्रवेश बंद असल्याची पाटी.]

"हायवेला काढीन ना," असं आपण स्वतःला सांगतो. कोणत्या हायवेला? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी चालत नाही. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, तिथेही नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू नाही, मुंबईचा कोस्टल रोड नाही, आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही नाही. महाराष्ट्रात ज्या ज्या रस्त्याला सरळ, गुळगुळीत आणि मोकळा म्हणावं तिथे आपल्याला गेटवरूनच परत पाठवतात. त्यावर माझं मत वेगळं आहे आणि ते वेगळ्या व्हिडिओत सांगेन. पण गाडी घेताना नकाशा आहे तसाच धरायचा.

उरतात जुना मुंबई-पुणे रस्ता, सातारा-कोल्हापूर, गोव्याकडचे घाट. तिथेही केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कमाल वेग ताशी 80. सिक्स-आर 80 ची मर्यादा पहिल्या गिअरमध्येच मागे टाकते. तिला अजून पाच गिअर आहेत. ते कुठे टाकायचे?

[घाट. वळणावर पसरलेली खडी. समोरून एसटी.]

ताम्हिणीत मात्र मजा आहे, ते कबूल. पण घाटातली मजा कशाची असते ते नीट बघा. दुसरा-तिसरा गिअर, वळणाच्या आधी ब्रेक, वळणातून बाहेर पडताना उचल. ही उचल चार-पाच हजारांपासून हवी, गिअर न पाडता. मध्येच खडी, पावसाळ्यात शेवाळ, एखादं माकड, आणि तुमच्या बाजूने येणारी इनोव्हा. अशा वेळी थ्रॉटल इंचभर फिरवला की गाडी किती उचलणार, हे आधीच माहीत असलेलं बरं. दोन सिलिंडरची गाडी ते सांगते. चार सिलिंडरची आधी गप्प बसते, आणि मग एकदम बोलते.

माझ्या म्हणण्याला कंपन्यांनीही एका अर्थी मान तुकवली आहे. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि 2020 नंतर यामाहाने युरोपात रस्त्यावरची आर-सिक्स बंद केली. त्या जागी काय आलं? दोन सिलिंडरची, 689 सीसीची आर-सेव्हन. एप्रिलियाची आरएस 660, तीही दोन सिलिंडर. ट्रायम्फने डेटोना हे जुनं शर्यतीचं नाव परत आणलं, पण 660 सीसी, तीन सिलिंडर, 95 पीएस, आणि 69 न्यूटन मीटर 8,250 वर. कपडे रेसचे, इंजिन रस्त्याचं. जुने लोक याला भेसळ म्हणतात. म्हणोत.

[बारामती. कारखान्याचं गेट, बाहेर उसाच्या ट्रॉल्या.]

आता जरा बारामतीला जाऊ. ऊस आणि राजकारण सोडून बारामतीची तिसरी ओळख सांगा म्हटलं तर किती जण सांगतील? पियाजिओचा कारखाना इथे आहे आणि त्यांच्याच एप्रिलियाची आरएस 457 इथे बनते. डिसेंबर 2023 मध्ये गोव्याच्या इंडिया बाइक वीकमध्ये ती बाजारात आली, तेव्हाची किंमत 4 लाख 10 हजार. 47.6 पीएस, 175 किलो. हे आकडे असे विचित्र का? युरोपात नवशिक्यांसाठी ए-टू नावाचं लायसन्स असतं. गाडी 35 किलोवॉटच्या वर नको, आणि किलोमागे 0.2 किलोवॉटपेक्षा जास्त नको. 35 किलोवॉट म्हणजेच 47.6 पीएस. भागिले 175 किलो, उत्तर बरोबर 0.2. म्हणजे तिकडच्या कायद्याने आखलेल्या रेषेवर इंच न इंच टेकवून बारामतीत बनवलेली गाडी. पाच पीएस वाढवणं इंजिनिअरांना जड गेलं नसतं. पण ज्या मुलांसाठी ती बनवली त्यांना मग ती चालवताच आली नसती.

आपल्याकडे तसं लायसन्स नाही. अठरा पूर्ण झाले, शाळेच्या मैदानाएवढ्या जागेत आठचा आकडा काढून दाखवला, की त्याच कार्डावर शंभर सीसीही चालते आणि हजार सीसीही. मधली पायरी कायदा लावत नाही, आपल्यालाच लावून घ्यावी लागते. मला कुणी विचारलं की दोनशेच्या गाडीवरून थेट काय घेऊ, तर मी 457 किंवा निन्जा 650 म्हणतो. तीन-चार वर्षं मोठी गाडी चालवलेला असेल आणि खिसा साथ देत असेल, तर डेटोना. होंडाची सीबीआर 650 आर चार सिलिंडरची असूनही रस्त्यासाठी सौम्य केलेली आहे, आवाजावर जीव असेल त्याने ती बघावी. आणि दोन सिलिंडरच्या गाडीचा आवाज चार सिलिंडरसारखा नसतो, तो साधा असतो. त्याची हळहळ मला अजूनही वाटते.

किंमतीबद्दल एकच. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या दुचाकीवर 40 टक्के जीएसटी आहे. त्यावर आरटीओ, विमा, हेल्मेट, जॅकेट, बूट. शोरूमची किंमत धरून बसलात तर हातमोज्यांपर्यंत पैसे पुरत नाहीत.

[शोरूमबाहेरचा रस्ता. टेस्ट राइड.]

टेस्ट राइडला बोलावतात ते दुपारी, मोकळ्या रस्त्यावर. जाऊ नका. सकाळी दहाला मागा. सिग्नलला तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबा, मांडीला काय लागतं ते बघा. अरुंद गल्लीत यू-टर्न घ्या. स्पोर्ट गाडीचं हँडल फार वळत नाही, आणि 196 किलो कलले की कलले. मनगटावर भार किती येतो ते पाच मिनिटांत नाही, वीस मिनिटांत कळतं. सीटची उंची 790 आणि 830 मिलिमीटर यात कागदावर चार सेंटिमीटरचा फरक आहे, उतारावर मागे ढकलताना तो टाचा टेकण्याचा आणि न टेकण्याचा असतो.

आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. निन्जा 650 चं पोट जमिनीपासून 13 सेंटिमीटरवर. हिशेब बसतो. फक्त आपल्या गल्लीतला गतिरोधक बांधणाऱ्याने ते मानक वाचलेलं हवं.

[संध्याकाळ. सोसायटीचं गेट.]

माझा एक मित्र या सगळ्यातून गेल्या वर्षी गेला. त्याचं मन सिक्स-आरवर होतं. दोनदा शोरूमला एकटा गेला, तिसऱ्यांदा बायकोला घेऊन. ती मागच्या सीटवर चढली, वरून खाली त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही सीट आहे की पाट?" सेल्समनला काही सुचेना. मग ती शेजारच्या निन्जा 650 वर बसली. तीही काही सोफा नव्हती, पण खाली उतरल्यावर तिने कुरकुर केली नाही. बुकिंग त्याच दिवशी झालं.

[गाडी गेटजवळ हळू होते.]

तीच ही गाडी. सोसायटीचा गतिरोधक सिमेंटचा आहे, वीतभर रुंद आणि अर्धी वीत उंच. बघा आता. अलीकडे बायको उतरते. तो गाडी तिरकी घालून अलगद पलीकडे नेतो. आणि पलीकडे, पार्किंग वीस पावलांवर असताना, ती परत मागे बसते.